तेहतीस आठवडे आणि नंतरचं वर्ष

मी अकाउंट्समध्ये काम करते. काम संपलं की पावत्या लावायच्या, बेरीज मारायची आणि फाइल कपाटात टाकायची, ही सवय. परवा तशीच एक हिरवी फाइल काढून बसले. सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, एचआरच्या ईमेलच्या प्रिंट, समुपदेशनाच्या पावत्या. फाइल उघडली होती बाळाच्या नावाने. तिच्यात पुढे काय काय लागत गेलं ते सांगते, कारण गेल्या वर्षी रात्री-बेरात्री मी मराठीत असं काही शोधत होते आणि मला मिळत होती ती गर्भसंस्काराची पानं. तुमचंही बाळ पोटात गेलं असेल आणि जखम अगदी ताजी असेल तर आज वाचू नका. नंतर वाचलंत तरी चालेल.

१२ जून २०२३, सोमवार. तेहतीस आठवडे पूर्ण. दोन्ही पालख्या त्या दिवशी पुण्यात येणार होत्या, त्यामुळे निम्मे रस्ते सकाळपासून बंद. आदल्या रात्री हालचाल कमी वाटली होती. आईला फोन केला, ती म्हणाली, "काहीतरी गोड खा आणि डाव्या कुशीवर पड." गुळाचा खडा खाल्ला, पडले, झोप लागली. सकाळी पोट गप्पच. (हालचाल कमी वाटली तर गूळ, सरबत, कूस यांत वेळ घालवू नका, रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. ते का, ते पुढे येईल.)

रिक्षावाल्याने गल्लीबोळातून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीच्या खोलीत एरवी डॉक्टर बोलत असतात, हे डोकं, हा हात. त्या दिवशी त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग म्हणाल्या, "ठोके लागत नाहीयेत." मला आधी वाटलं मशीनचंच काहीतरी आहे.

त्यानंतर जे कळलं त्याची मला कल्पनाच नव्हती. मला वाटलं होतं, ऑपरेशन करून काढतील. तर नाही. गोळ्या देऊन कळा आणायच्या आणि नेहमीसारखं बाळंतपण करायचं, कारण आईच्या शरीरासाठी सहसा तेच बरं असतं. दीड दिवस लागला. शेजारच्या खोलीत एक बाळ रडत होतं. दाखल होतानाच लांबची खोली मागून घ्या. द्यायचीच असं कुणावर बंधन नाही, पण मागितल्याशिवाय कुणाला सुचतही नाही.

१४ जून, पहाटे ४ वाजून १० मिनिटं. मुलगी. १ किलो ७२० ग्रॅम. सिस्टरांनी विचारलं, "बघायचंय?" आई म्हणाली, "नको गं, डोळ्यांपुढून हलणार नाही." मी बघितलं. दहा मिनिटं घेऊन बसले. केस भरपूर होते, ओले, कपाळाला चिकटलेले. डोळ्यांपुढून हललेली नाही हे खरं, पण आता वाटतं, तेवढंच तर आहे माझ्याकडे. फोटो काढायचं भान कुणालाच राहिलं नाही, त्याची हळहळ अजून आहे. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी बघू नये, त्यातही चूक काही नाही. फक्त तो निर्णय आईचा असू द्या, आईच्या आईचा नको.

मनगटाला अडकवायचा पट्टा सिस्टरांनी मला आणून दिला. त्यावर छापलेलं होतं, "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव.

नवरा आणि दीर तिला घेऊन गेले. आमच्याकडे इतक्या लहान बाळाला पुरतात, दहन करत नाहीत, आणि बाईने तिकडे जायचं नसतं. मी जाण्याच्या स्थितीतही नव्हते. नवरा दुपारी परत आला, आंघोळ केली, माझ्या पायाशी बसला. "झालं," एवढंच म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. सासूबाईंनी भटजींना फोन केला. ते म्हणाले, याला दिवस नसतात, पिंड नसतो. ते चांगुलपणानेच म्हणाले असतील, म्हणजे आम्हाला त्रास नको. पण घरात माणूस गेलं की पुढे तेरा दिवस हातांना काम असतं, दारात माणसं असतात. आमच्याकडे चौथ्या दिवशी कामवाल्या मावशी आल्या आणि नेहमीसारखी भांडी घासून गेल्या.

त्याच्या आधीचा, तिसरा दिवस दुधाचा. १६ तारखेला सकाळी उठले तर गाऊन ओला. छाती दगडासारखी. दूध येणार हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं आणि माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाळ नाही तर दूध कशाला येईल? शरीराला ते कोण सांगणार. दूध थांबवायची गोळी असते, कॅबरगोलिन, ती बाळंतपणानंतर लगेच द्यायची असते आणि बीपी असेल तर देत नाहीत. दवाखान्यातून निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. माझा पहिला दिवस हुकला होता. मग घट्ट ब्रा, थंड पट्ट्या, फ्रिजमधली कोबीची पानं, आणि पिळून काढायचं नाही, कारण काढलं की आणखी येतं. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी न्हाणीघराचा दिवा लावला नाही.

आता कागद. बहुतेक कागद दुखवतात, पण एका कागदाने मला धरून ठेवलं.

गर्भ २८ आठवड्यांचा किंवा त्याहून मोठा असेल तर मृतजन्माची नोंद करावी लागते, २१ दिवसांच्या आत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखानाच नमुना ३ भरून महापालिकेकडे पाठवतो. आपण फक्त तारीख आणि नावांची स्पेलिंगं तपासायची. मी तपासली. तारीख, लिंग, आईचं नाव, वडिलांचं नाव, किती आठवडे. बाळाच्या नावाला रकाना नाही. पेन हातात घेऊन मी तो शोधत बसले होते.

रजेचं प्रकरण वेगळं. माझ्या एचआरमधल्या मुलीने फार गोड शब्दांत ईमेल पाठवला की गर्भपाताची सहा आठवड्यांची पगारी रजा तुम्हाला मंजूर आहे. मी हो म्हणणारच होते. पण रात्री झोप नव्हतीच, म्हणून १९६१चा मातृत्व लाभ कायदा उघडून वाचायला घेतला. (अकाउंट्सची बाई, दुसरं काय करणार.) त्यात गर्भपात म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतरचं ते बाळंतपण. आणि कलम ३ मध्ये 'मूल' या शब्दाची व्याख्या होती : मूल म्हणजे मृत जन्मलेलं मूलही. मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली असेल. तोवर सगळे म्हणत होते, "झालं ते झालं", "अजून जगात आलंच नव्हतं ना", "बरं झालं, लळा लागायच्या आत गेलं". मी जन्मायच्या कितीतरी आधी दिल्लीत बसून कुणीतरी लिहून ठेवलं होतं की ते मूल होतं.

डिस्चार्ज कार्ड जोडून उलट ईमेल पाठवला. बारा दिवसांनी पूर्ण २६ आठवडे मंजूर झाले, १२ डिसेंबरपर्यंत. भांडावं लागलं नाही, फक्त त्यांना माहीत नव्हतं. ही पूर्ण रजा मिळायला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. तुमच्या वेळी कायद्याचं नाव-कलम बदललेलं असेल तर नवं बघून घ्या, पण 'मिसकॅरेज लीव्ह' असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी आठवडे मोजा. नवऱ्याला मिळाल्या चार किरकोळ रजा. पाचव्या दिवशी तो लॅपटॉप उघडून बसला.

विम्याची गंमत म्हणजे त्यांनी बाळाचा जन्मदाखला मागितला. मृतजन्माच्या नोंदीची प्रत पाठवली, तर पुन्हा तोच ईमेल. तिसऱ्या वेळी फोनवर एका माणसाला तोंडाने सांगावं लागलं. बिल झालं होतं ६२,००० रुपये, मिळाले ५०,०००, ऑगस्टअखेर. असे फोन दुसऱ्या कुणाला तरी करायला द्या. माझ्या मैत्रिणी विचारत होत्या, काही करू का? मी नको म्हणत होते. हेच द्यायला हवं होतं.

मोबाइलमधलं गरोदरपणाचं ॲप दर सोमवारी सांगत राहिलं, बाळ आता अमुक फळाएवढं. ते नुसतं डिलीट करून पुरत नाही, आधी आत जाऊन नोंद बंद करावी लागते, नाहीतर ईमेल येत राहतात. आणि नाव नोंदवलं होतं त्या दवाखान्यातून जुलैअखेर फोन आला, "ताई, बाळाला दीड महिन्याचं इंजेक्शन द्यायला कधी आणताय?" मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." आणि फोन ठेवला. का असं म्हणाले ते आजही सांगता येणार नाही.

तोवर मी झोपणं सोडलं होतं. ८ जुलैच्या रात्री अडीच वाजता १४४१६ ला फोन लावला. हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर, चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. पलीकडून एका बाईंनी मराठीत विचारलं, "बोला, मी ऐकतेय." मी जवळजवळ वीस मिनिटं नुसती रडले. त्यांनी मध्ये फक्त एकदा विचारलं, "घरात कुणी जागं आहे का?" शेवटी त्यांनी एवढंच पदरात घातलं की बाळंतपणानंतरच्या तपासणीला जाल तेव्हा झोपेचं डॉक्टरांना नक्की सांगा.

ती तपासणी २६ जुलैला, सहा आठवड्यांनी. वारेचा रिपोर्ट आला होता, रक्ताचेही आले होते. ठोस कारण सापडलं नाही. मला वाटलं होतं, कारण सापडलं की सुटेन. डॉक्टर म्हणाल्या, पुष्कळदा सापडत नाही. मग त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद पुढे केला. एडिनबर्ग नावाची चाचणी आहे, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याची, तीसपैकी गुण, जास्त म्हणजे वाईट. माझे १९ आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. मी 'क्वचित' वर खूण केली होती आणि वाटलं होतं की त्या बघणार नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं, रात्री मला एकटं ठेवायचं नाही म्हणाल्या, आणि समुपदेशकाकडे जायला सांगितलं. असा प्रश्न कुणी विचारला तर खोटं उत्तर देऊ नका, एवढंच सांगेन.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, धोंड्याचा महिना. आईने विचारलं, यंदा जावयाला बोलावू की नको? नवराच म्हणाला, बोलवा. ३० जुलैला गेलो. दुसरा दिवस, ३१, ही माझी बाळंतपणाची तारीख होती. बोललं कुणी नाही, सगळ्यांना माहीत होतं. आई स्वयंपाकघरात तबकात अनारसे मोजून ठेवत होती, जावयाच्या वाणाचे. "...एकतीस, बत्तीस, तेहतीस." अधिकात तेहतीसच देतात, जन्मभर बघत आलेय. पण त्या आकड्यावर आई थांबली आणि माझ्यात काहीतरी फाटलं. मी ते तबक ढकलून दिलं. अनारसे फरशीभर. आई काही बोलली नाही, खाली बसून एकेक गोळा करायला लागली, आणि मी तिच्याशेजारी बसून गोळा करायला लागले. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, उद्या समुपदेशक शोधू.

पहिला शोध चुकला. ऑनलाइन, १,२०० रुपये, पन्नास मिनिटं. बाई हुशार होत्या, पण सगळं इंग्रजीतून चालायचं आणि मला इंग्रजीत रडता येईना. मी वाक्य जुळवत बसायची. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, तुमचं वय कमी आहे, पुढच्या बाळाकडे पॉझिटिव्हली बघू या. मी पैसे भरले आणि परत गेले नाही. यात अपराधी वाटायचं कारण नाही. डॉक्टर बदलतो तसा समुपदेशकही बदलता येतो.

दुसऱ्यांदा मी आधी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. पोटातलं किंवा तान्हं बाळ गेलेल्यांबरोबर काम केलंय का? मराठीतून बोलता येईल का? गोळ्यांची गरज वाटली तर कुणाकडे पाठवता? यातला तिसरा प्रश्न मला एका मैत्रिणीने शिकवला. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला तर कुणाला राग येत नाही. या मॅडमकडे तीन आठवडे थांबावं लागलं. ते तीन आठवडे सगळ्यांत लांब.

६ सप्टेंबरला पहिली वेळ मिळाली. गोकुळाष्टमी होती. सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये पाळणा सजवत होते, मी जिन्याने न जाता मागच्या दाराने बाहेर पडले. मॅडमच्या खोलीत एक साधी लाकडी खुर्ची, एक वेताची, आणि टिपॉयवर टिश्यूऐवजी घडी केलेले सुती रुमाल. फी १,५००. पहिल्या दिवशी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली आणि सांगितलं की जिवाला धोका वाटला तरच मी घरच्यांना कळवीन. मग म्हणाल्या, "बाळाचं काही नाव ठरवलं होतं?" तीन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नाव मी सांगितलं. इथे लिहीत नाही.

पुढचे दोन बुधवार तो दिवस सांगण्यात गेले. म्हणजे रविवारच्या गुळाच्या खड्यापासून घरी येईपर्यंत, क्रमाने, काही न गाळता. मी गाळायची, मॅडम मागे न्यायच्या. "रिक्षात काय दिसत होतं?" भगव्या पताका दिसत होत्या. "सोनोग्राफीच्या खोलीत वास कसला होता?" घरी आल्यावर दोन दिवस आजारी असल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला समुपदेशनाने बरं वाटेल असं समजून जाऊ नका, आधी वाईट वाटतं. दुसऱ्या बुधवारनंतर त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली. फरक पडायला तीन-चार आठवडे लागले. गोळी हवी की नको, किती, कधी बंद, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. सासूबाई म्हणाल्या, सवय लागेल, तर डॉक्टरांनी त्यांनाच बोलावून समजावलं. मला वाटतं त्याचाही औषधाइतकाच उपयोग झाला.

चौथ्या की पाचव्या वेळी मी शेवटी ते बोलले, जे मनात रोज चालायचं. चूक माझी. मी झोपले. मॅडमनी कागदावर एक गोल काढला, भाकरीएवढा. म्हणाल्या, "ज्यामुळे ज्यामुळे हे झालं असेल असं वाटतं ते सगळं लिहा, आणि भाकरीचे वाटे पाडा. स्वतःचा सगळ्यांत शेवटी." मी लिहायला लागले. वारेत काहीतरी. नाळेत काहीतरी. कारण सापडलंच नाही ते. कमी हालचालीबद्दल कुणी नीट सांगितलं नाही ते. मग लिहिलं, ग्रहण.

ग्रहणाचं असं, की ५ मेच्या रात्री चंद्रग्रहण होतं आणि मी कांदा चिरला होता. जूनमध्ये सासूबाई एकदा बोलून गेल्या, "त्या रात्री तू चिरलंस." एकदाच. पण मी तो कांदा रोज रात्री चिरत होते. मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. विचारलं, "याला किती वाटा?" मी बराच वेळ पेन धरून बसले. ते ग्रहण छायाकल्प होतं, ज्याचे वेध पंचांगवालेही पाळायला सांगत नाहीत, हे मी कधीच शोधून ठेवलेलं होतं. तरी एक बारीक फोड त्याला दिलीच. हसू नका. शेवटी माझ्यासाठी एका नितकोरापेक्षा कमी उरली. ती खोडली नाही. मॅडमही म्हणाल्या नाहीत की खोडा. तो कागद फाइलमध्ये आहे.

आणखी एक चित्र त्यांनी काढलं, झोपाळ्याचं. एका टोकाला दुःख, दुसऱ्या टोकाला रोजचं, म्हणजे भाजी, वीजबिल, मैत्रिणीचा फोन. माणूस दोन्हीकडे जातो-येतो आणि हेच दुःख करणं आहे, असं त्या म्हणाल्या. मी हसले की लगेच मला चोरी केल्यासारखं व्हायचं, ते तेव्हापासून कमी झालं.

१५ ऑक्टोबर हा बऱ्याच देशांत अशा गेलेल्या बाळांच्या आठवणीचा दिवस पाळतात, संध्याकाळी सात वाजता दिवा लावतात. मॅडमनी सहज सांगितलं होतं. कॅलेंडर बघितलं तर त्याच दिवशी घटस्थापना. आमच्याकडे अखंड दिवा सकाळीच लागलेला. मी सात वाजता शेजारी एक छोटी पणती ठेवली. सासूबाई बघत होत्या. वाटलं विचारतील. त्या आत गेल्या आणि तेलाची बुधली घेऊन आल्या. "कमी घातलंयस," म्हणाल्या.

नवऱ्याबद्दल मी फार कमी लिहिलंय, कारण तेव्हा मला तो दिसतच नव्हता. त्याला बघून वाटायचं, याचं काही गेलंच नाही. तो ऑफिस, जिम, ऑफिस. मॅडमनी त्याला बोलावलं, तीन वेळा, शनिवारी, जोडीची फी २,०००. पहिल्यांदा तो बुटांच्या लेसकडे बघत बसला. दुसऱ्यांदा, ४ नोव्हेंबरला, मॅडमनी त्याला विचारलं, "त्या सकाळचं हिला काय माहीत नाही?"

त्याने सांगितलं. १४ जूनला सकाळी पालख्या पुण्यातून निघत होत्या. दीर गाडी चालवत होता, हा मागे बसलेला, मांडीवर ती, दवाखान्याच्या हिरव्या कापडात. एका चौकात बॅरिकेड. हवालदार म्हणाला, पुढं सोडता येणार नाही, उलटं फिरा. याने काच खाली केली. म्हणाला, "बाळ आहे." हवालदार वाकून म्हणाला, "मग दवाखाना कुठला, सांगा, सोडतो." हा म्हणाला, "दवाखान्यातूनच आलोय." हवालदाराने हिरव्या कापडाकडे बघितलं आणि काही न बोलता बॅरिकेड ओढायला लागला. मग गाडीच्या पुढे चालत, शिट्टी वाजवत चौक ओलांडून दिला. चौकापलीकडे टाळ चालू होते. एका वारकरी बाईने गाडीत डोकावून बघितलं, तिला काय वाटलं कोण जाणे, काचेतून हात घालून बाळाच्या पायांना हात लावला आणि कपाळाला लावला. "तिला वाटलं झोपलंय," नवरा म्हणाला, आणि मग मी त्याला पाच महिन्यांत पहिल्यांदा रडताना बघितलं. खड्डा त्याने स्वतः खणला होता. माणूस होता तिथे, पण त्याने फावडं मागून घेतलं. हापशापासून किती पावलं, तेही त्याने मोजून ठेवलं होतं. "तू कधीतरी विचारशील म्हणून," म्हणाला. "तू विचारलंच नाहीस."

मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटत होतं त्याला सांगायचं नाही.

१३ डिसेंबरला ऑफिसला गेले. आधीच्या आठवड्यात मॅडमबरोबर बसून चार ओळींचा ईमेल तयार केला होता, जो मॅनेजरने टीमला पाठवला : आमची मुलगी जूनमध्ये गेली, त्याबद्दल बोललात तर चालेल, सल्ला नको. हे करा, फार उपयोग होतो. तरी कँटीनमध्ये एकाने विचारलंच, "काय मग, बाळ कुणाकडे ठेवलंय?" तो दुसऱ्या मजल्यावरचा होता, त्याला ईमेल गेला नव्हता.

जानेवारीत नणंदेचं डोहाळजेवण आलं. माझं मे महिन्यात झालं होतं. दोन झाकलेल्या वाट्यांतली मी उचलली तिच्यात बर्फी निघाली होती आणि सगळ्या ओरडल्या होत्या, मुलगी! समुपदेशनात याची तयारी करून घेतली होती. किती वेळ थांबायचं ते आधी ठरवायचं, आणि निघायचं असेल तेव्हा नवऱ्याला विचारायचं, "गाडी पार्किंगमध्ये नीट लावलीस ना?" चाळीस मिनिटं थांबले. ओटी भरायला मला कुणी हाक मारली नाही. मला त्रास नको म्हणून, की अपशकुन नको म्हणून, हे मला समजलं नाही आणि मी गाडीबद्दल विचारलं. रात्री नणंदेचा फोन आला, "वहिनी, माझ्या लक्षात आलं, पण मला तेव्हा बोलता आलं नाही." या प्रसंगाचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

आता हिशेब. पहिल्या समुपदेशकांच्या दोन वेळा, २,४००. मॅडमकडे बारा वेळा एकटी आणि तीन वेळा जोडीने, २४,०००. मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा खेपा, ५,२००. गोळ्या साधारण २,५००. एकूण ३४,१००, आणि ओपीडी म्हणून विम्यातून शून्य. एवढे पैसे सगळ्यांकडे नसतात हे मला माहीत आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरच्या किरकोळ पैशांत काम होतं, फक्त सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो. काही समुपदेशक विचारलं तर फी कमीही करतात. मी विचारलं नाही, लाजले.

गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करत या जूनच्या सुरुवातीला बंद केली.

आणि १४ जूनला, शुक्रवारी, आम्ही दोघांनी सुट्टी टाकली. मी तिथे पहिल्यांदाच गेले. बाईने जायचं नसतं हे सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी डब्यात दूध आणि अंगणातली मोगऱ्याची फुलं दिली. वाटलं होतं, एखादा दगड असेल, खूण असेल. काही नव्हतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सगळीकडे सारखंच कोवळं गवत. हापसा मात्र होता. नवरा त्याला पाठ लावून उभा राहिला, चिंचेच्या दिशेने तोंड केलं आणि मोजत चालायला लागला. अकराव्या पावलावर थांबला. "इथे," म्हणाला.

मी परत हापशापाशी गेले आणि माझी मोजली. चौदा झाली.